बधिर पावलांची कारणमीमांसा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या संमेलनात आरोग्याच्या एखाद्या विषयावर आम्ही बोलावे, असा आग्रह चिटणीसांनी धरला, तेव्हा आम्हाला संकोच वाटला. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि शाळेत मुलांपुढे घालविलेले आयुष्य एवढेच आमचे भांडवल. परंतु सेवानिवृत्तीनंतर ज्ञातीतील वडीलधाऱ्या मंडळींकडे आमचे जाणेयेणे वाढले, आणि घरोघर एकच तक्रार कानी पडू लागली : "मास्तर, पायांना मुंग्या येतात, तळवे जळतात, चप्पल पायातून केव्हा निसटते ते कळत नाही." त्यावर घरच्या मंडळींचे उत्तरही सर्वत्र एकच : "वय झाले, वात आहे, चालायचेच." हे 'चालायचेच' आम्हाला पटेना. म्हणून पुस्तके चाळली, जाणत्या डॉक्टरांस प्रश्न विचारले, आणि त्यातून जे हाती लागले ते आपणापुढे ठेवीत आहोत.

आरंभी या विकाराची ओळख करून घेऊ. मेंदू आणि पाठीचा कणा यांपासून निघून हातापायांच्या बोटांपर्यंत जाणारे जे मज्जातंतू आहेत, ते दोन प्रकारची मुख्य कामे करतात. स्पर्श, वेदना, उष्णता यांची वार्ता ते वर नेतात, आणि स्नायूंना हालचालीची आज्ञा ते खाली आणतात. या तंतूंना इजा झाली म्हणजे जो विकार जडतो त्यास मज्जातंतुदाह असे जुने नाव आहे. 'दाह' हा शब्द मात्र सर्वस्वी यथार्थ नाही. कित्येकदा तेथे दाह नसतोच, तंतूचे केवळ क्षरण होत असते. म्हणून हल्लीचे डॉक्टर 'न्यूरोपॅथी' असा व्यापक शब्द योजतात.

आता, बहुधा पावलांनाच आधी मुंग्या का येतात? मज्जातंतूचे पोषण करणारी पेशी कण्यात किंवा कण्यालगत असते, आणि तिच्यापासून निघालेला धागा पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो. प्रौढ मनुष्यात त्याची लांबी सुमारे एक मीटर भरते. एवढ्या लांबवर पोषण पोहोचवायचे ते त्या एका पेशीने. आपल्यापैकी ज्यांची शेती पाटाच्या पाण्यावर आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पाटाला पाणी कमी पडले म्हणजे प्रथम वाळते ते शेवटच्या टोकाचे शेत. तद्वतच शरीरात काही उणे पडले किंवा विष भिनले की सर्वांत लांब तंतूंची टोके आधी सुकतात. बधिरता प्रथम बोटांना, मग पावलांना, पुढे मोजा चढवावा तशी पिंढरीपर्यंत चढते, आणि त्याच सुमारास हातमोजा घालावा तशी हातांनाही ग्रासते. दोन्ही पायांना सारखीच मुंगी येणे ही या विकाराची मुख्य खूण होय.

परंतु ध्यानात ठेवावयाची गोष्ट ही की, मुंग्या येणे हे लक्षण आहे, निदान नव्हे. ताप आला एवढ्यावरून हिवताप की विषमज्वर हे जसे ठरत नाही, तसेच येथेही. कारण शोधल्याशिवाय उपाय सापडत नाही, आणि कारण पुष्कळदा आपल्या ताटात, पेल्यात, औषधाच्या डबीत किंवा कामाच्या जागी दडलेले असते. आजच्या आमच्या बोलण्याचे सूत्र एवढेच आहे.

प्रथम उणीव पाहू. एकोणिसाव्या शतकात पूर्वेकडील भातखाऊ देशांत बेरीबेरी नावाच्या रोगाने कहर केला होता. पाय बधिर होत, लुळे पडत, अंगावर सूज येई आणि शेवटी हृदय थकून मृत्यू येई. १८८२-८३ साली जपानच्या 'र्‍यूजो' या प्रशिक्षण-जहाजावरील ३७६ खलाशांपैकी १६९ जणांना हा रोग जडला आणि २५ जण दगावले. ताकाकी कानेहिरो या आरमारी डॉक्टरने १८८४ साली दुसरे जहाज तशाच सफरीवर धाडविले, परंतु आहार बदलून. पांढऱ्या भातावर सारा भर न ठेवता त्याने मांस, दूध आणि धान्याचे इतर प्रकार दिले. त्या जहाजावर एकही मृत्यू झाला नाही. मौज अशी की, रोगाचे कारण प्रथिनांची उणीव हे आहे अशी ताकाकीची समजूत होती. समजूत चुकीची, पण उपाय बरोबर!

खरे कारण उजेडात आले ते जावा बेटावर, तेही कोंबड्यांमुळे. बटाव्हिया येथे डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमन बेरीबेरीचे जंतू शोधीत होते. १८८९ साली त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले, आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीअंती कळले की, मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातील उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा स्वयंपाकी आला, त्याने लष्कराचा तांदूळ लष्कराबाहेरच्या कोंबड्यांना देण्याचे नाकारले, आणि कोंबड्या बिनसडीचा तांदूळ खाऊन सुधारल्या. पुढे जावातील शंभरावर तुरुंगांची पाहणी झाली. तीतही पांढरा तांदूळ खाणाऱ्या कैद्यांत बेरीबेरी फार, आणि कोंड्यासह खाणाऱ्यांत जवळजवळ नाहीच, असे दिसून आले. गेरित ग्राइन्स यांनी १९०१ साली सांगितले की, तांदुळात विष नाही. कोंड्याबरोबर काहीतरी अत्यावश्यक निघून जाते. तेच थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. १९२६ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्यात आले आणि १९२९ साली आइकमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आमच्या कोकणातील आणि गोव्यातील बंधूंना येथे एक समाधानाची गोष्ट सांगावीशी वाटते. भात सालासकट उकडून मग सडला, तर कोंड्यातील हे सत्त्व दाण्याच्या आत शिरते आणि सडल्यावरही पुष्कळसे टिकून राहते. उकड्या तांदळाच्या पेजेला गरिबांचे अन्न म्हणून नाके मुरडणारे आता विचारांत पडतील! उलट, पांढराशुभ्र तांदूळ चारचार पाण्यांनी चोळून धुणे आणि वरचे पाणी ओतून देणे, यात उरलेसुरले सत्त्वही मोरीत जाते. आजही ज्याचा आहार नावापुरता उरला आहे, ज्याला दीर्घकाळ उलट्या होत आहेत, किंवा ज्याने जेवणाची जागा मद्याला दिली आहे, त्याला ही उणीव गाठते. मद्य तर दुहेरी घात करते. ते जीवनसत्त्व शरीरात शोषू देत नाही आणि स्वतःही मज्जातंतूंना विषवत् ठरते.

दुसरी उणीव ब-१२ ची, आणि ती आपल्या घरांतून अधिक आढळते. हे जीवनसत्त्व १९४८ साली वेगळे काढण्यात आले. त्याची किचकट रचना डोरोथी हॉजकिन या विदुषीने १९५६ साली उलगडून दाखविली. वनस्पती ते तयार करीत नाहीत. सूक्ष्म जंतू ते निर्माण करतात, आणि आपणांस ते मांस, मासे, अंडी आणि दूधदुभते यांतून मिळते. शाकाहार हा आपल्यापैकी अनेकांचा धर्म आहे, आणि तो सोडा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु शाकाहारी घरातील वृद्ध माणूस जेव्हा दूधदह्यालाही पारखा होतो, तेव्हा ब-१२ कोठून यावे? यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरतो, म्हणून उणीव चोरपावलांनी येते. मांसाहारी मंडळींनीही निर्धास्त राहू नये. हे जीवनसत्त्व शोषून घेण्यास जठरातील आम्ल आणि एक विशिष्ट द्रव्य लागते, आणि उतारवयात दोन्ही उणावतात. मधुमेहावरील मेटफॉर्मिनच्या गोळ्या, तसेच आम्लपित्तावरील गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ही उणीव आढळते.

आमच्या दूरच्या नात्यातील एका काकूंची हकीकत सांगतो. पायांना मुंग्या येत, त्या वाताच्या म्हणून दोन वर्षे तेल चोळण्यात गेली. पुढे सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाऊ लागला. पाऊल कोठे आहे हे पावलाकडून कळेनासे झाले म्हणजे मनुष्य डोळ्यांच्या आधाराने उभा राहतो, आणि डोळे मिटताच तो आधार सुटतो. एके दिवशी त्या न्हाणीघरात पडल्या, तेव्हा कोठे रक्ताची तपासणी झाली आणि ब-१२ जवळजवळ नाहीच असे निघाले. इंजेक्शने सुरू झाली. मुंग्या काही महिन्यांत पुष्कळ कमी झाल्या, परंतु काठी सुटली नाही, कारण ही उणीव लांबली की मज्जातंतूंबरोबर पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूलाही इजा पोहोचते. दोन वर्षे आधी एक साधी तपासणी झाली असती, तर काठीची वेळ बहुधा आली नसती. येथे आणखी एक सूचना. नुसत्या फॉलिक आम्लाच्या गोळ्यांनी रक्त सुधारलेले दिसते, पण ब-१२ अभावी मज्जातंतूंचा ऱ्हास चालूच राहतो. म्हणून रक्ताची गोळी चालू आहे, आता काळजी नाही, असे समजू नये.

उणिवेनंतर विष. १९०० साली इंग्लंडातील मँचेस्टर परिसरात हजारो लोकांचे हातपाय बधिर आणि लुळे पडू लागले. रोगी बहुतेक मजूरवर्गातील, बीअर पिणारे. डॉक्टर म्हणाले, हा दारूचा परिणाम. परंतु अर्नेस्ट रेनॉल्ड्स या डॉक्टरला शंका आली. त्याहून कडक मद्य पिणारे ठणठणीत, आणि बीअर पिणारेच आजारी, हे कसे? शिवाय रोग्यांच्या कातडीवर काळपट डाग का? त्याने बीअर तपासली आणि तीत सोमल म्हणजे आर्सेनिक सापडले. बीअरसाठी लागणारी साखर ज्या गंधकाम्लाने बनविली होती, ते आम्ल अशुद्ध होते. सहा हजारांहून अधिक लोक बाधित झाले आणि सत्तरच्या आसपास मरण पावले. बंधूंनो, यातील बोध केवळ सोमलापुरता नाही. 'हा पितो, म्हणून हा आजारी' असे म्हणून सर्वांनी बोट रोग्याकडे दाखविले होते. रोग्याला दोष देणे सोपे असते. त्यामुळे कारणाचा शोध मात्र थांबतो.

पुढील उदाहरण तेलाचे. ट्रायक्रेसिल फॉस्फेट नावाचे एक रसायन यंत्रांच्या तेलात आणि प्लास्टिकच्या धंद्यात वापरतात. त्याला रंग, वास वा चव जवळजवळ नाही, आणि त्याचा एक प्रकार मज्जातंतूंस अतिशय घातक आहे. १९३० साली अमेरिकेत दारूबंदी असताना आल्याचा मद्यार्क औषध म्हणून विकला जाई, व लोक तो दारूऐवजी पीत. त्यात हे रसायन भेसळले गेले आणि हजारो लोक पंगू झाले. १९५९ साली मोरोक्कोत स्वयंपाकाच्या तेलात विमानाच्या यंत्राचे तेल मिसळून विकले गेले आणि सुमारे दहा हजार लोकांचे पाय गेले. हे सारे परदेशी म्हणून सोडून देऊ नका. याच विषाने झालेल्या मज्जातंतुदाहाचे मुंबईतील रुग्ण तेथील डॉक्टरांनी १९६२ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदविले आहेत. हे विष पोटात गेल्यावर पाय लुळे पडतात ते एक ते तीन आठवड्यांनी. तोवर तेलाचा डबा रिकामा झालेला असतो आणि पुरावाही नाहीसा झालेला असतो! म्हणून सुटे, बिनखात्रीचे तेल केवळ चार पैसे स्वस्त म्हणून घेऊ नये. आणि एका घरातील किंवा एका आळीतील अनेकांचे पाय एकाच सुमारास अधू झाले, तर संशय प्रथम सामाईक अन्नावर घ्यावा.

धंद्यातील विषांत शिसे प्रमुख. जुन्या बॅटऱ्या फोडणे, शिसे वितळविणे, शिसेमिश्रित रंग खरवडणे या कामांत शिसे अंगात जाते, आणि मनगट लुळे पडून हात खाली लोंबू लागणे ही त्याची जुनी प्रसिद्ध खूण आहे. काही घरगुती औषधांतही धोका असतो. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकत मिळणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. यावरून साऱ्या आयुर्वेदास बोल लावणे अन्यायाचे होईल. परंतु ज्याच्या बाटलीवर बनविणाऱ्याचे नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत, असे भस्म किंवा पुडी कोणी कितीही खात्रीने दिली तरी घेऊ नये.

तिसरे कारण ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. ते म्हणजे औषधे. १९५२ साली क्षयरोगावर आयसोनियाझिड हे औषध वापरात आले आणि त्याने असंख्य प्राण वाचविले. परंतु ते शरीरातील ब-६ जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणते, आणि त्यामुळे काही रोग्यांचे तळवे जळू लागतात. ब-६ ची अल्पशी मात्रा सोबत दिली असता ही बाधा टळते, हे मद्रासच्या क्षयरोग केंद्रातील संशोधनानेही दाखवून दिले. म्हणून क्षयाचे औषध चालू असता पायांना मुंग्या आल्या, तर औषध बंद करू नये. डॉक्टरांस सांगावे. औषध मध्येच सोडले तर क्षय उलटतो, आणि मग तो पूर्वीच्या औषधांना दाद देईलच असा भरवसा नसतो. मुंगीवर साधी गोळी आहे, उलटलेल्या क्षयावर तशी नाही.

आपल्या अंगणात फुलणाऱ्या सदाफुलीपासून व्हिनक्रिस्टिन हे कर्करोगावरील औषध काढतात. तेही मज्जातंतूंस बाधते, आणि डॉक्टर त्यावर नजर ठेवून मात्रा ठरवितात. आता दुसरे टोक पाहा. ब-६ ची उणीव वाईट, तसा अतिरेकही वाईट. दररोज दोन ते सहा ग्रॅम ब-६ महिनोन् महिने घेणाऱ्या काही व्यक्तींचे हातपाय बधिर होऊन त्यांना चालणे अवघड झाले, असे १९८३ साली प्रसिद्ध झाले. जीवनसत्त्वच ते, जास्त घेतले तर काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

उणीव, विष आणि औषधे यांखेरीज काही रोगही या विकाराच्या मुळाशी असतात. त्यांत आज सर्वांत मोठा वाटा मधुमेहाचा आहे. रक्तातील वाढलेली साखर वर्षानुवर्षे मज्जातंतूंस आणि त्यांना रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांस जाळीत राहते. दुसरा रोग कुष्ठ. त्याचे जंतू मज्जातंतूंतच ठाण मांडतात. बोटे झडतात अशी लोकसमजूत आहे, परंतु बधिर हातापायांना झालेल्या भाजण्या आणि जखमा न कळल्यामुळेच पुष्कळसे व्यंग येते, हे वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. अंगावर न दुखणारा, न कळणारा फिकट चट्टा दिसला तर लपवू नये. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. तिसरा प्रकार घाईचा. २०२५ च्या जानेवारीत पुणे परिसरात गियाँ-बारे नावाच्या विकाराची साथ उद्भवली व दूषित पाण्याकडे संशय गेला. यात एखाद्या जंतुसंसर्गानंतर शरीराची संरक्षक शक्तीच आपल्या मज्जातंतूंवर उलटते, आणि येथे 'दाह' हे नाव खरोखर शोभते. तासातासाने किंवा दिवसादिवसाने पायांतील शक्ती जाऊन दुर्बलता वर चढू लागली, तर सकाळची वाट पाहू नये. श्वासाचे स्नायू थकण्यापूर्वी रुग्णालय गाठावे.

कारण शोधण्याची एवढी घाई का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर निसर्गानेच देऊन ठेवले आहे. अपाय थांबला, तर तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढू शकतो, परंतु दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. गुडघ्यापासून अंगठ्यापर्यंतची वाट चालायला त्याला वर्षाहून अधिक काळ लागतो, आणि उशीर फार झाला तर ती वाट तो पुरी करीत नाही. तेव्हा आपण 'चालायचेच' म्हणून जे महिने घालवितो, ते रोग्याच्या पावलांतून वजा होत असतात.

यास्तव आपणांस आमची विनंती आहे. घरातील वडीलधाऱ्या माणसाने मुंग्यांची तक्रार केली, तर हसण्यावारी नेऊ नका. त्यांना विचारा : जेवण काय आणि किती? दूधदही पोटात जाते का? कोणत्या गोळ्या, किती वर्षांपासून? कोणी पुडी वा भस्म दिले आहे का? मद्याची सवय आहे का? पूर्वी काम कोणते केले? या प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहा, आणि तो कागद व सर्व औषधे बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्तातील साखर आणि ब-१२ यांच्या तपासणीविषयी त्यांना विचारा. सर्व शोध घेऊनही काही रुग्णांत कारण सापडत नाही, हेही खरे. पण न शोधता सापडले नाही असे म्हणणे हा आळस होय. ज्यांची पावले आधीच बधिर झाली आहेत, त्यांनी रोज रात्री तळवे पाहावेत, न दिसल्यास नातवंडांना पाहावयास सांगावे. पाय शेकू नयेत, आणि उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नये. देव रागावणार नाही.

शेवटी मंडळास एक सूचना. आपण दरवर्षी विद्यार्थ्यांचा गुणगौरव करतो, वधूवरांच्या याद्या छापतो, हे उत्तमच. त्याबरोबर पुढील संमेलनाच्या सकाळी दोन तास साठीपुढील मंडळींच्या पावलांसाठी राखून ठेवावेत. त्यासाठी मोठी यंत्रसामग्री नको. स्पर्शासाठी नायलॉनचा बारीक तंतू, कंपनासाठी वैद्यकीय ट्यूनिंग फोर्क, आणि ज्ञातीतील दोनतीन डॉक्टरांचा वेळ एवढे पुरे आहे. ज्यांना स्पर्श कळत नाही असे आढळेल, त्यांना पुढील तपासणीसाठी धाडावे, आणि ज्यांची ऐपत नसेल त्यांचा खर्च मंडळाच्या निधीतून व्हावा. या कामी नावे टिपण्याचे आणि मंडळींना हात धरून आणण्याचे काम आमच्याकडे द्यावे. ते आम्ही आनंदाने करू.